कोणाच्या पैशाने, कोणासाठी?
नागपूरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि आपले वऱ्हाड

अचलपूरच्या माणसाला १८०३ हे साल नव्याने सांगावे लागत नाही. २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानात भोसले आणि शिंद्यांच्या फौजा आर्थर वेलस्लीपुढे हटल्या. त्या लढाईतल्या जखमींसाठी वेलस्लीने अचलपुरातच इस्पितळ उभे केले आणि तो गाविलगडाकडे वळला. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावी दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वतीने तह झाला.

या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्याच तहातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. भोसल्यांनी आपल्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट ठेवून घेण्याचे कबूल केले. त्यानुसार १८०४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला गेला. आडगाव आणि गाविलगडच्या मोहिमेत तो वेलस्लीच्या सोबत होता. पुढे पेशवाई बुडवण्यात ज्याचा हात होता तो हाच. रेसिडेंटाबरोबर कचेरी आली, कचेरीबरोबर पहारा आला, पहाऱ्याबरोबर फलटण आली, आणि फलटणीच्या मागोमाग तिचा धर्मगुरूही आला.

नागपूरच्या सदर भागातले ऑल सेंट्स कॅथेड्रल हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. पहिले टोक आपल्या दारात, देवगावला आहे. म्हणून या चर्चचा इतिहास केवळ नागपूरचा नाही, तो वऱ्हाडचाही आहे. तो वाचताना दोन साधे प्रश्न विचारावेत, असे मला वाटते: हे चर्च कोणाच्या पैशाने उभे राहिले आणि चालले? आणि ते कोणासाठी होते? पहिल्याचे उत्तर कागदोपत्री सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुरते बदलले. त्या बदलाची ही हकिगत.

फलटणीचे चर्च

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर नागपूरच्या गादीवर राजा असला तरी लगाम रेसिडेंटाच्या हाती होता. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. तिथे प्रामुख्याने मद्रास इलाख्याच्या पलटणी असत. नागपूरच्या इंग्रज वसाहतीला स्वतःचे चर्च मिळाले ते १८५१ च्या सुमारास.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि त्यानंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे चर्च उभे राहिले तेव्हा नागपूर कायद्याने अजून भोसल्यांचे होते. राज्य घेण्याच्या आधीच राज्यकर्त्यांनी प्रार्थनेची जागा बांधून घेतली होती.

चर्चचा आराखडा केला रिचर्ड सँकी नावाच्या मद्रास इंजिनिअर्समधल्या तरुण अधिकाऱ्याने. त्याचे वय तेव्हा जेमतेम बावीस. हाच सँकी पुढे म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाला. बंगळूरचे कब्बन पार्क त्याने आखले आणि तिथला सँकी तलाव आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. नागपूरचे त्याचे चर्च लहानच होते: छावणीतल्या आणि रेसिडेन्सीतल्या मोजक्या साहेबलोकांपुरते. पुढे त्याचा विस्तार झाला तो जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या इंग्लंडमधल्या नामांकित वास्तुरचनाकाराच्या आराखड्याने. गॉथिक पद्धतीच्या चर्चवास्तूंसाठी बॉडलीचे नाव तेव्हा गाजलेले होते आणि अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या कॅथेड्रलच्या पहिल्या आराखड्यातही त्याचा वाटा आहे.

इथे अँग्लिकन या शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगायला हवा, कारण आपल्याकडे सगळी चर्चे एकच समजली जातात. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडची मंडळी राजाच्या छत्राखाली आणली. तीच अँग्लिकन मंडळी. तिची उपासना ठरलेल्या प्रार्थनाग्रंथातून चालते, तिच्यात बिशप असतात, आणि इंग्रजी अमलात तिच्या रोजच्या प्रार्थनेत राजाच्या आयुरारोग्याची मागणी ठरलेली असे. नागपूरचा मोठा ख्रिस्ती शिक्षक स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच शहरात आला होता. त्याने शाळा काढली, गोंडांच्या चालीरीतींची टिपणे केली, दगडांमधले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये तो नदीच्या पुरात बुडून वारला. पण हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, म्हणजे राजसत्तेचा हस्तक्षेप नको म्हणून मूळ मंडळीतून बाहेर पडलेल्यांपैकी. हिस्लॉपची मंडळी देशी लोकांमध्ये काम करीत होती, तर ऑल सेंट्समध्ये राज्यकर्ते प्रार्थना करीत. एकाच शहरात, एकाच धर्माच्या नावाने, हे दोन वेगळे संसार होते.

सरकारी खाते: धर्म

१८१३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी कलकत्त्याला बिशप नेमण्याची सोय झाली. १८१४ मध्ये पहिला बिशप आला. १८३५ मध्ये मद्रासला आणि १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाले. या बिशपांचे आणि त्यांच्या हाताखालच्या सरकारी चॅप्लेनांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघत. सार्वजनिक बांधकाम, जंगल, टपाल तसेच एक धर्मखाते होते. लष्करी आणि मुलकी ठाण्यांवर चॅप्लेन नेमणे, सरकारी चर्चांची डागडुजी करणे, दफनभूमी राखणे ही त्या खात्याची कामे.

आता हा महसूल कोठून येई, ते वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. तिचा पगार निजामाकडे थकला आणि कर्ज वाढत गेले. त्या बदल्यात १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. या प्रांताच्या उत्पन्नातून आधी फौजेचा खर्च भागवायचा, मग कारभाराचा, आणि उरेल ते निजामाला द्यायचे, अशी व्यवस्था होती. त्या फौजेची एक छावणी आपल्या परतवाड्याला होती. म्हणजे वऱ्हाडाचे इंग्रजी राज्य उभे राहिले तेच मुळी फौजेच्या पगारासाठी.

पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, अमरावती आणि खामगावला साहेबांची वस्ती वाढली. सारा वाढला, प्रांत श्रीमंत झाला, पण राहिला दोन धन्यांचा. १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने वऱ्हाड कायमचे भाड्याने घेतले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, आणि कंटिन्जंट फौजही निराळी न राहता हिंदी लष्करात विलीन झाली. परतवाड्याचे लष्करी महत्त्व गेले. मागे राहिला तो मेळघाटच्या लाकडाचा बाजार.

धर्मखात्याचा खर्च मात्र पुढेही चालू राहिला. १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळात लोकप्रतिनिधी बसू लागले, पण धर्मखात्यावरील खर्चाला मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता. १९३५ च्या कायद्यातही संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांच्या पंक्तीला ‘धर्मविषयक बाबी’ गव्हर्नर जनरलच्या राखीव अधिकारात ठेवल्या होत्या. फक्त वर्षाला ४२ लाख रुपयांपलीकडे, निवृत्तिवेतन सोडून, खर्च जाऊ नये एवढी मर्यादा घातली होती. म्हणजे हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन सगळ्यांच्या कराचा पैसा एका परक्या पंथाच्या पुरोहितांवर खर्च होई, आणि त्यावर प्रश्न करण्याची मुभा होती पण मतदानाची नव्हती. चर्चविषयी आपल्या समाजात जी अढी राहिली, तिच्या मुळाशी केवळ धर्मांतराची भीती नव्हती. हा हिशेबही होता, आणि तो खरा होता.

वऱ्हाडचे ख्रिस्ती कोण?

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या भागातले ख्रिस्ती कुटुंब दिसले की ‘साहेबाच्या वेळी झालेले’ असे सहज म्हटले जाते. सनावळीच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण साहेबाचे चर्च आणि या कुटुंबांचे चर्च एक नव्हते.

मेळघाटच्या कोरकूंमध्ये काम करायला आली ती ‘कोरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ ही १८९० मध्ये निघालेली संस्था. तिच्या पाठीशी सरकारी खाते नव्हते, विलायतेतल्या भाविकांच्या वर्गणीवर ती चाले. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात काम केले ते अमेरिकेतल्या अलायन्स मिशनने. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचे इस्पितळ उभे राहिले तेही मिशनच्या आधारावर, सरकारी चॅप्लेनच्या नव्हे. दुष्काळात अनाथ झालेली पोरे, गावाबाहेर टाकलेले रोगी, शिवाशिवीने पिचलेल्या जाती या सगळ्यांशी संबंध आला तो या मिशनांचा. सरकारी अँग्लिकन चर्च तेव्हा अधिकारी, गोरे सैनिक आणि रेल्वेतले अँग्लो-इंडियन यांच्यापुरते होते.

अँग्लिकनांचे मराठी मुलखातले काम चांद्याच्या बाजूला वाढले. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने, म्हणजे अँग्लिकन कुटुंबातल्याच एका शाखेने, चांद्याला मिशन चालवले आणि तिथे मराठी बोलणारी छोटी मंडळी तयार झाली. नागपूरच्या कॅथेड्रलला मराठी भक्तांची पुढे जी ओळख झाली, तिच्यात चांद्याचा वाटा मोठा आहे.

बिशप, सत्याग्रही आणि शपथ

१९०३ पासून नागपूरला स्वतंत्र बिशप आला. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि त्याला लागून असलेली संस्थाने या नव्या धर्मप्रांतात होती. ज्या चर्चमध्ये बिशपाचे आसन असते त्याला कॅथेड्रल म्हणतात. म्हणून सँकीचे छोटे चर्च आता कॅथेड्रल झाले. पहिला बिशप एअर चॅटर्टन आयर्लंडचा. त्याआधी त्याने छोटा नागपुरात हजारीबागला काम केले होते. १९१६ मध्ये त्याने ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे पुस्तक लिहिले. गोंड राजांपासून भोसल्यांपर्यंतचा इतिहास त्यात आहे. राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेले असले तरी या भागाचा अभ्यास करणाऱ्याला ते वगळता येत नाही.

चॅटर्टननंतर १९२६ मध्ये अलेक्स वुड बिशप झाला. तो मूळचा चांद्याच्या मिशनमधला. गोरगरिबांत वावरलेला माणूस. आणि तरी त्याच्याच कारकिर्दीत या धर्मप्रांतातला सर्वांत बोलका संघर्ष झाला.

व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा विद्वान तरुण अँग्लिकन पाद्री १९२७ मध्ये भारतात आला. पुण्याच्या ‘ख्रिस्त सेवा संघ’ या आश्रमात तो राहिला. हिंदी पद्धतीने, खादी नेसून, जमिनीवर बसून भक्ती करणारा तो संघ होता. एल्विन गांधीजींच्या सहवासात आला आणि मनाने सत्याग्रही झाला. वल्लभभाई पटेल आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून त्याने गोंडांमध्ये काम करायचे ठरवले. १९३२ च्या आरंभी शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्याबरोबर तो मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी जाऊन राहिला. हा भाग नागपूरच्या बिशपाच्या अखत्यारीत. तिथे धर्मकार्य करायचे तर बिशपाचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ हवी. एल्विनने शपथ घ्यायला नकार दिला. वुडने परवाना द्यायला नकार दिला.

यात दोघांपैकी कोणी दुष्ट नव्हता. वुडला गोंडांविषयी आस्था होती, पण त्याच्या दृष्टीने शपथ हा पुरोहितपदाचाच भाग होता. एल्विनच्या दृष्टीने ज्या सरकारने सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या त्याची शपथ घेऊन गरिबांच्या झोपडीत ख्रिस्ताचे नाव घेणे म्हणजे त्या नावाचीच विटंबना होती. १९३५ मध्ये एल्विनने पुरोहितपद आणि मंडळी दोन्ही सोडली. पुढे बैगा, मुरिया अशा जमातींवरच्या त्याच्या ग्रंथांनी मानववंशशास्त्रात त्याचे नाव झाले आणि स्वतंत्र भारतात त्याने ईशान्य सीमेवर सरकारचा सल्लागार म्हणून काम केले. नागपूरच्या कॅथेड्रलने एक पाद्री गमावला, देशाला एक अभ्यासक मिळाला.

गंमत अशी की कायद्याने तोवर शपथेचा पाया ढासळला होता. १९२७ च्या कायद्यानुसार १९३० पासून भारतातली अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या मंडळीपासून वेगळी आणि स्वायत्त झाली होती. इंग्लंडच्या संसदेचा तिच्यावर अधिकार उरला नव्हता. तिजोरीशी असलेले नाते आणि राजाच्या नावाची सवय मात्र तशीच होती. कायदा बदलतो त्या दिवशी माणसे बदलत नाहीत, हे एल्विनच्या प्रकरणातून दिसते.

१९५६: एक शहर, तीन घटना

स्वातंत्र्यानंतर धर्मखाते गुंडाळले गेले. सरकारी पगार बंद झाला, अँग्लो-इंडियन कुटुंबांतली कित्येक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. आता चर्चच्या बाकांवर बसणारे आणि दानपेटीत टाकणारे दोघेही इथलेच होते. पण त्यांना आपले इथलेपण सिद्ध करण्याची वेळ लगेच आली.

तेव्हा वऱ्हाड आणि नागपूर मध्य प्रदेशात होते आणि नागपूर राजधानी होती. १९५४ मध्ये सरकारने ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आपले जिल्हेही त्यात होते. १९५६ मध्ये अहवाल आला. परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर त्याने कडक ताशेरे मारले, कायद्याने निर्बंध घालण्याची शिफारस केली. मिशनांनी अहवाल एकतर्फी ठरवला. वाद आजही मिटलेला नाही. मिशनांवर परक्यांच्या पैशाचा आरोप झाला, तेव्हा साहेबाच्या चर्चला इथल्याच लोकांच्या करातून शंभर वर्षे पैसा मिळाला होता, ही आठवण मात्र कोणालाच सोयीची नव्हती.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते. धर्मांतराची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः धर्म बदलतात, यात मला विसंगती दिसत नाही. धर्म बदलणे ही माणसाच्या सदसद्विवेकाची बाब आहे की बाहेरून दिलेल्या आमिषाची, हाच तर साऱ्या वादाचा गाभा. नियोगींनी स्वतःच्या बाबतीत त्याचे उत्तर दिले.

आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात आले. नियोगी अहवालाच्या वाटेने मध्य प्रदेशात १९६८ मध्ये जो धर्मांतरविषयक कायदा झाला, तो त्यामुळे आपल्या जिल्ह्यांना लागू झाला नाही.

एक टोचणी मात्र राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अजून घेतलेले नाही. जातीने त्यांचा पाठलाग चर्चच्या दारापर्यंत केला, पण कागदावर ती दारातच संपली. साहेबाच्या धर्माचा फायदा घेतल्याचा ठपका ज्यांच्यावर, त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात आलेला हा हिशेब.

२९ नोव्हेंबर १९७०

१९५७ मध्ये जॉन सादिक हे भारतीय बिशप नागपूरला आले. त्यांच्या काळात या कॅथेड्रलच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस उगवला. उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक करण्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. दक्षिणेत १९४७ मध्येच चर्च ऑफ साउथ इंडिया झाले होते. उत्तरेत घोडे अडले होते दोन मुद्द्यांवर. बिशप असावेत की नसावेत? आणि बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की समजत्या माणसाने स्वतः होऊन घ्यावा?

अखेर तोडगा निघाला. बिशप असतील, पण निवडलेले आणि सभेला बांधलेले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती चालतील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, आणि आपल्या वऱ्हाडातली अलायन्सची मंडळीही वेगळीच राहिली.

सगळ्या पंथांच्या पाळकांचा अधिकार एकमेकांनी मान्य करावा म्हणून त्या दिवशी हात ठेवून प्रार्थना करण्याचा विधी झाला. बिशपाने काँग्रिगेशनल पाळकाच्या डोक्यावर हात ठेवायचा, तसाच इतरांनी बिशपाच्या डोक्यावर. ज्या चर्चमध्ये एकेकाळी एका पाद्र्याला राजाच्या शपथेपायी परवाना नाकारला गेला, तिथे आता बिशप दुसऱ्यांच्या हाताखाली मस्तक वाकवत होता. तारीखही योगायोगाने आडगावच्या लढाईचीच: १६७ वर्षांनंतरची २९ नोव्हेंबर.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या एकीकरणाचा एक मोठा लाभ आहे. काँग्रिगेशनल परंपरा म्हणजे अमेरिकन मराठी मिशनची, अहमदनगरची, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची परंपरा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये मुंबईला, पण ख्रिस्ताच्या विचाराने ते झपाटले ते नागपूर-राजनांदगावच्या दिवसांत. नागपूरला अप्पासाहेब बुटींकडे त्यांनी काम केले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची पाने ज्यांनी वाचली त्यांना ते दिवस आठवतील. म्हणजे टिळकांची वाट नागपुरावरून गेली, पण ऑल सेंट्सच्या दाराशी थांबली नाही. तिथे तेव्हा त्यांच्यासाठी जागा नव्हती. पंचाहत्तर वर्षांनी टिळकांची ओवी आणि इंग्रजी प्रार्थनाग्रंथाची शिस्त एका छपराखाली आली. अभंगाच्या चालीवर गाणारी मंडळी आणि गुडघे टेकून ठरलेली उत्तरे देणारी मंडळी, दोन्ही आता कायद्याने आणि श्रद्धेने एक होती.

आजची मंडळी

आज ऑल सेंट्स हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नागपूर धर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे. याच परिसरातली बिशप कॉटन शाळा नागपूरकरांना ठाऊक असते. कलकत्त्याच्या बिशपाच्या नावाने १८६० च्या दशकात निघालेल्या या शाळेत शिकलेल्यांत ख्रिस्ती थोडे आणि इतर फार, असेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहे. चर्चला कधी पाऊल न लावलेल्या नागपूरकराचाही या वारशाशी संबंध येतो तो असा.

मंडळीचे वर्ष पंचांगासारखे चालते. नोव्हेंबर सरता सरता आगमनकाळ सुरू होतो, मग नाताळ. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात उपवासकाळ येतो. उत्तम शुक्रवारी भर दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची भक्ती. कापणीच्या सणाला लोक ज्वारीची कणसे, भोपळे, केळी, घरची कोंबडीसुद्धा घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका लिंबाची बोली शंभरावर गेलेली ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या कोणीही पाहिली असेल. कारभार पाहते ती निवडून आलेली पाळकीय समिती. पाळकसाहेबांचा पगार, छपराची डागडुजी, वीजबिल हे सगळे वर्गणीतून आणि दानातून निघते.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता पुरते उलटले आहे. पूर्वी पैसा सगळ्यांचा आणि चर्च मूठभरांचे होते. आज चर्च कोणालाही खुले आहे, पण त्याचा भार मूठभर कुटुंबे वाहतात. जुन्या दगडी वास्तूची निगा राखणे खर्चाचे काम असते. शहराच्या मध्यातली जमीन सोन्याची झालेली असते, आणि देशभर चर्चच्या जमिनींवरून मंडळीतल्याच गटांत कज्जे चालू आहेत. इंग्रजांनी सोडलेल्या जमिनी विश्वस्तांच्या हाती आल्या, त्याबरोबर मोहही आला. ज्या मंडळीने राजाची शपथ आणि सरकारी पगार दोन्ही मागे टाकून तग धरला, तिची खरी कसोटी आता घरातच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक काम दिसते. अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तारखेनिशी ठेवण्याची शिस्त होती. इंग्रजी अमलातल्या नोंदींच्या नकला लंडनला जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नाव, वय, हुद्दा, गाव, मृत्यूचे कारण. वऱ्हाडच्या छावण्या, रेल्वे, पटकीच्या साथी आणि दुष्काळ यांचा जो इतिहास गॅझेटिअरमध्ये आकड्यांनी येतो, तो या नोंदींत माणसांच्या नावांनी येतो. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या वह्या आणि आपल्या गावांतल्या मिशनांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर साहेबाचे चर्च आणि गावाबाहेरच्या माणसाचे चर्च यांतले अंतर किती होते आणि ते केव्हा मिटत गेले, हे नेमके सांगता येईल.

देवगावच्या तहाने वऱ्हाडचे बरेच काही नेले. त्याच तहाच्या वाटेने नागपूरला जे आले, त्यातले रेसिडेंट गेले, फलटणी गेल्या, निजामाचा २५ लाखांचा खंड गेला, धर्मखातेही गेले. दर रविवारी उघडणारे एक दार तेवढे शिल्लक आहे. ते उघडणारी माणसे देवगाव-चांद्याकडची, मराठी-हिंदी बोलणारी, आपल्यातलीच आहेत. त्यांना साहेबाचे वारस म्हणण्याआधी एवढा हिशेब तपासून पाहावा.